ज्युरीचं समन्स आलंय, आणि मी तर ना गोरा ना काळा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, ते कळेल.

तुम्ही मूळचे सांगलीचे, गेली बारा वर्षं सिॲटलजवळ बॉथेलमध्ये. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं आणि आता किंग काउंटी सुपीरियर कोर्टाकडून ज्युरीचं समन्स आलंय. तयारी म्हणून तुम्ही सिॲटलच्या फेडरल कोर्टानं ज्युरींसाठी केलेला व्हिडिओ पाहिलात. मनात नकळत बसलेल्या वांशिक पूर्वग्रहाबद्दलचा तो व्हिडिओ. त्यावर तुमचे तीन प्रश्न आहेत. मी ना गोरा ना काळा, मग हे मला कशाला? कोर्टात ‘माझ्याही मनात असं काही असू शकेल’ असं कबूल केलं, तर मला वर्णद्वेषी समजून घरी पाठवतील का? आणि जे माणसाला स्वतःलाच ठाऊक नाही, त्याचं कायदा काय करणार? मग शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही आणखी एक सांगितलंत. मागच्या महिन्यात संध्याकाळी तुमच्या गाडीजवळ दोन काळी मुलं उभी दिसली. तुम्ही खिडकीतून फोटो काढला, ‘यांना कोणी ओळखतं का?’ असं लिहून गल्लीच्या ग्रुपवर टाकलात, आणि ती समोर नव्यानं राहायला आलेल्या घरातली मुलं निघाली.

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न हा शेवटचा आहे. बाकीचे तीन त्यातूनच निघालेत. म्हणून त्याच्याकडे मी सगळ्यात शेवटी येते.

मी इथे एकोणीस वर्षं फौजदारी खटल्यांत बचावाच्या बाजूनं उभी राहते. माझे बहुतेक अशील स्वतःच्या पैशानं वकील करू न शकणारे असतात. सत्तरच्या आसपास खटले ज्युरीपुढे चालवलेत. पुढे लिहितेय ते त्या अनुभवातून. तुम्ही कुठल्या खटल्यात बसाल यावर बरंच अवलंबून आहे, हे आधीच सांगते. दोन कंपन्यांच्या करारावरून भांडण असेल आणि सगळा पुरावा कागदावर असेल, तर यातलं फारसं काही लागू होणार नाही. पण ‘पोलीस असं म्हणतो, आरोपी तसं म्हणतो’ असा खटला असेल, तर निकाल बहुतेक वेळा याच एका गोष्टीवर फिरतो.

तो व्हिडिओ बघून लोक स्वतःचं मन तपासायला बसतात. मी कोणाचा द्वेष करतो का? नाही. ऑफिसात काळे सहकारी आहेत, त्यांच्याशी छान जमतं. झालं, मी स्वच्छ. ही तपासणी चुकीच्या जागी चाललेली असते. आपल्याकडे म्हण आहे, नावडतीचं मीठ अळणी. लहानपणी ती मी सासवा-सुनांच्या गोष्टींत ऐकली होती. पण नकळत असलेल्या पूर्वग्रहाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर कुठे मिळालेलं नाही. मीठ दोघींनीही सारखंच घातलंय. खाणारा खोटंही बोलत नाहीये, त्याच्या जिभेला ते खरोखरच अळणी लागतंय. ‘तू हिचा द्वेष करतोस का?’ असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल, आणि ताट मात्र बाजूला सारेल.

पुराव्याचं तसंच होतं. एकाच वजनाचा पुरावा एका माणसाविरुद्ध आला की अपुरा वाटतो, दुसऱ्याविरुद्ध आला की भरपूर वाटतो. निकालानंतर ज्युरी तयार असतील तर आम्ही वकील त्यांच्याशी बोलतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे थोड्या अंतरानं दोन खटले आले. दोन्हींत एक तरुण रात्री परक्याच्या उघड्या गाडीत सापडला होता, दोघांनी काही चोरलेलं नव्हतं, दोघांनी प्यायलेली होती. गोऱ्या मुलाच्या खटल्यातले ज्युरी मला म्हणाले, ‘थंडी होती, बिचारा चुकून शिरला असेल, उलट सिद्ध करणारं काही पुढे आलं नाही.’ काळ्या मुलाच्या खटल्यातल्या एक बाई म्हणाल्या, ‘चोरी करायची नव्हती हे त्यानं पटवून द्यायला हवं होतं.’ शब्द नीट बघा. पहिल्या खटल्यात सिद्ध करायची जबाबदारी सरकारची होती, तीच दुसऱ्यात आरोपीवर आली. दोन खटले कधीच तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे हा फरक फक्त रंगामुळे पडला असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण त्या बाई दुष्ट नव्हत्या एवढं नक्की सांगेन. त्यांनी दोन दिवस मन लावून ऐकलं होतं, वहीत टिपणं काढली होती.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की मनापेक्षा स्वतःचं माप तपासा. कोणाकडून आपण किती पुरावा मागतोय, ते पाहा.

हे मोजण्याचे प्रयत्न झालेत, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला आपल्याच शहरातला. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. पडद्यावर चेहरे आणि चांगले-वाईट अर्थाचे शब्द येतात, तुम्ही भराभर कळ दाबून ते वेगळे करायचे, आणि कुठली जोडी लावताना हात अडखळतो ते घड्याळ मोजतं. लाखो लोकांनी ती इंटरनेटवर दिली आहे. तुम्हीही द्याल, पण तिचा निकाल साखरेच्या रिपोर्टसारखा घेऊ नका. तोच माणूस पुन्हा बसला की आकडा बदलतो, आणि त्यावरून एखादा माणूस उद्या कसा वागेल हे फारसं सांगता येत नाही. मला जास्त पटतात ते प्रत्यक्ष वागणुकीचे प्रयोग. बॉस्टन आणि शिकागोत नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी, काही गोऱ्यांमध्ये नेहमी आढळणारी, काही काळ्यांमध्ये. २००४ साली निष्कर्ष छापून आला: गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. ते अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी किती जण स्वतःला वर्णद्वेषी म्हणाले असते?

न्यायाधीश तरी यातून सुटतात का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३३ न्यायाधीशांना ग्रीनवाल्ड यांची ती कळ दाबायची चाचणी दिली होती. त्यांचे कल बाकीच्या माणसांसारखेच निघाले. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. निर्णय घेताना आपण इथे जपून राहायला हवं हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांना तोल सांभाळता आला. माझी उरलेली सगळी आशा त्या वाक्यावर उभी आहे, आणि तो व्हिडिओही त्याचसाठी दाखवतात.

आता ‘ना गोरा ना काळा’. तुमचं हे वाक्य मी आपल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्यावर जरा थांबते. आपण त्रयस्थ आहोत, वरून बघतोय, असं आपल्याला वाटतं. पण या देशाच्या कायद्यानं आपल्याला कधी त्रयस्थ मानलं नाही. आपल्याच वॉशिंग्टन राज्यात, उत्तरेला बेलिंगहॅममध्ये, ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री जमावानं लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना खोल्यांतून ओढून बाहेर काढलं आणि गावातून हाकललं. त्यात बहुतेक शीख होते. स्पोकेनमध्ये अक्षयकुमार मजुमदार या बंगाली गृहस्थांना १९१३ साली नागरिकत्व मिळालं आणि पुढे ते काढूनही घेतलं गेलं, कारण मधे १९२३ साली भगतसिंग थिंड यांचा खटला झाला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्व फक्त ‘गोऱ्यांना’ आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळण्याचा तो काळ. वंशशास्त्राच्या त्या वेळच्या पुस्तकांप्रमाणे मी कॉकेशियनच आहे, असा त्यांचा युक्तिवाद. सुप्रीम कोर्ट म्हणालं, पुस्तकात काहीही असो, सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हा गोरा नाही. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेला कोर्टानं कायद्याचं माप केलं. आपल्या लोकांना ही दारं पुन्हा उघडली ती थेट १९४६ साली.

आणि थिंड यांचा युक्तिवाद तरी काय होता? मी उच्चवर्णीय आहे, आर्य आहे, हिंदुस्थानातल्या मूळच्या ‘खालच्या’ लोकांतला नाही. तो वाचताना मला दर वेळी लाज वाटते, कारण तो माझ्या ओळखीचा आहे. गोरा रंग आपण विमानातून उतरल्यावर शिकलो नाही. ‘मुलगी सावळी आहे पण नाकीडोळी नीटस’ यातला ‘पण’ माझ्या घरात, नाशिकला, माझ्याच बाबतीत बोलला जायचा. रंगाची उतरंड आपण सामानाबरोबरच घेऊन आलोत. इथे आल्यावर तिच्यात काळ्या माणसाची जागा कुठली, ते कोणी शिकवावं लागत नाही. ‘चांगली वस्ती’, ‘तो भाग तसला आहे’, ‘तिकडची शाळा नको’ हे आपण मराठीतच बोलतो.

तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातच आहे. नकळत असलेल्या गोष्टीचं कायदा काय करणार? फार वर्षं उत्तर होतं, काहीच नाही. १९७६ साली सुप्रीम कोर्टानं ठरवलं की परिणाम कितीही विषम असो, हेतू दाखवल्याशिवाय राज्यघटनेखाली भेदभाव सिद्ध होत नाही. त्याचं सगळ्यात कठोर रूप १९८७ च्या मॅक्लेस्की खटल्यात दिसलं. जॉर्जियातल्या फाशीच्या शिक्षांचा मोठा अभ्यास कोर्टापुढे होता: बाकीच्या गोष्टी हिशेबात धरूनही, मारला गेलेला माणूस गोरा असेल तर फाशीची शक्यता ४.३ पट. पाच विरुद्ध चार मतांनी कोर्ट म्हणालं, असेल, पण या आरोपीच्या बाबतीत कोणी जाणूनबुजून भेदभाव केला हे दिसत नाही. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला म्हणाले की एखादं मत बदलता आलं असतं तर ते हेच. तोवर मॅक्लेस्की यांना विजेच्या खुर्चीवर बसवायची वेळ आली होती.

ज्युरी निवडतानाही हीच अडचण होती. इथे बारा जण निवडण्याआधी दोन्ही बाजूंचे वकील सगळ्यांना प्रश्न विचारतात. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात प्रत्येक बाजूला सहसा सहा जणांना कारण न सांगता वगळता येतं. त्याला आम्ही पेरेम्प्टरी म्हणतो. सरकारी वकिलांनी हे हत्यार काळ्या ज्युरींना काढण्यासाठी वर्षानुवर्षं वापरलं. १९८६ साली बॅट्सन खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्याला बंदी घातली. लुइव्हिलच्या त्या खटल्यात चारही काळ्या उमेदवारांना वगळून पूर्ण गोरी ज्युरी बसवली होती. पण पुन्हा हेतूच सिद्ध करायचा. वकिलानं ‘तो कंटाळलेला दिसला’, ‘त्यानं माझ्याकडे बघितलं नाही’ असं काही सांगितलं की प्रकरण संपायचं. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्याच वेळी लिहून ठेवलं होतं की वकिलाला एखादा काळा ज्युरी ‘घुम्या’ किंवा ‘तुटक’ वाटतो, त्यामागे त्याचा स्वतःचा नकळत वर्णद्वेष असू शकतो. आणि ते कारण स्वीकारणाऱ्या न्यायाधीशाच्या मनातही तोच असू शकतो. कोणीही खोटं बोलत नाही आणि तरी काळा माणूस खुर्चीवरून उठवला जातो, असं ते दृश्य. मी माझ्या पहिल्या दहा वर्षांत ते कितीदा पाहिलं, त्याची मोजदाद नाही.

२०१३ साली आपल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टापुढे सेंटकॅल नावाचा खटला आला. गटातल्या एकमेव काळ्या बाईंना सरकारी वकिलानं वगळलं होतं. कोर्टानं शिक्षा कायम ठेवली, पण स्पष्ट लिहिलं की आजचा वर्णभेद बऱ्याचदा नकळत असतो आणि हेतू शोधणारी बॅट्सनची पद्धत त्याला पकडू शकत नाही. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच कोर्टानं जीआर ३७ हा नियम केला. माझ्या मते या देशातला या विषयावरचा सगळ्यात शहाणा नियम. त्यात वकिलाच्या मनात काय होतं हा प्रश्नच काढून टाकलाय. प्रश्न एवढाच उरतो: वस्तुनिष्ठपणे पाहणाऱ्या माणसाला या वगळण्यात वंश हा एक घटक दिसू शकेल का? आणि तो पाहणारा कसा, तेही नियमच सांगतो. मुद्दाम केलेल्या भेदभावाबरोबरच नकळत असलेल्या आणि व्यवस्थेत मुरलेल्या पूर्वग्रहांमुळेही या राज्यात लोकांना ज्युरीतून अन्यायानं वगळलं गेलंय, याची त्याला जाणीव आहे असं धरायचं. १९२३ च्या थिंड निकालातला ‘सर्वसामान्य माणूस’ आणि २०१८ चा हा पाहणारा शेजारी ठेवून बघा. पहिल्याची नजर हाच कायदा होता. दुसऱ्याला नजर चुकते हे ठाऊक आहे.

नियमात काही कारणांची यादीच आहे, जी मुळातच संशयास्पद मानायची: पोलिसांशी आधी संबंध आलेला असणं, पोलिसांवर विश्वास नसल्याचं सांगणं, जवळच्या कोणाला अटक झालेली असणं, गुन्हे जास्त घडणाऱ्या भागात राहणं, सरकारी मदत घेणं. त्यात एक तुमच्या-माझ्यासाठी आहे. मातृभाषा इंग्रजी नसणं. आणि ‘नजर भिडवली नाही’ असलं कारण द्यायचं तर आधी कोर्टाच्या लक्षात आणून द्यावं लागतं. न्यायाधीशानं किंवा समोरच्या वकिलानं दुजोरा दिला नाही तर ते कारण बाद.

हा नियम बचाव पक्षालाही लागू आहे, आणि तो मला लागू झाला. २०१९ ची गोष्ट. ज्युरीच्या गटात पन्नाशीच्या एक व्हिएतनामी बाई होत्या, सलूनमध्ये काम करणाऱ्या. प्रश्नाला हळू आवाजात, एका वाक्यात उत्तर द्यायच्या. मी त्यांना वगळलं. सरकारी वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, कारण? मी म्हणाले, ‘त्यांचं लक्ष नव्हतं, त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.’ न्यायाधीश म्हणाले, ‘मी बघत होतो, त्या प्रत्येक उत्तर नीट देत होत्या.’ माझी मागणी फेटाळली गेली, बाई बसल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं कारण मला घरी आल्यावर सापडलं: अशा बायका पोलिसांच्या शब्दाबाहेर जात नाहीत, असं मी मनात धरलं होतं. ‘अशा’ म्हणजे कशा? हळू बोलणाऱ्या, मान किंचित खाली घालणाऱ्या, माझ्या आईसारख्या. अकरा वर्षं ज्या गोष्टीविरुद्ध मी भांडत होते, ती मी केली होती आणि करताना मला ती हुशारी वाटली होती. खटला मी हरले. त्या बाईंनीही ‘दोषी’च म्हटलं. पुरावा तसा होता. पण नंतर दुसऱ्या ज्युरीकडून कळलं की पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण पुन्हा दाखवा, असं आतून दोनदा मागणाऱ्या त्याच होत्या.

तर तुमचा दुसरा प्रश्न: कबूल केलं तर घरी पाठवतील का? ‘माझ्या मनात इतकं पक्कं आहे की मी निःपक्ष राहू शकणार नाही’ असं म्हणालात तर हो, पाठवतील, आणि तेच योग्य. पण ‘काळी मुलं गाडीजवळ दिसली तेव्हा मी घाईनं निष्कर्ष काढला, तो चुकला, म्हणून इथे मी जपून असेन’ असं म्हणालात तर त्या कारणावरून न्यायाधीश काढणार नाहीत. एखादा वकील पेरेम्प्टरी वापरेल का, ते खटल्यावर आणि त्या वकिलावर अवलंबून. मी वापरणार नाही. ‘मला रंग दिसतच नाही’ म्हणणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते. उत्तर तुमच्या साध्या इंग्रजीत द्या, वाक्यं जुळवत बसू नका. आणि वगळले गेलात तर मनाला लावून घेऊ नका.

निवडले गेलात तर खरं काम आतल्या खोलीत. तिथे आपल्याच म्हणींपासून सावध राहा, हे मी मुद्दाम मराठी माणसाला सांगते. ‘खाई त्याला खवखवे’, ‘चोराच्या मनात चांदणं’. घाबरला म्हणजे अपराधी, हे आपल्या भाषेनं आपल्याला पाळण्यात शिकवलंय. पोलिसांनी थांबवल्यावर काळ्या तरुणाचा आवाज कापतो, उत्तरं तुटक येतात, हात थरथरतात. लहानपणापासून अशा वेळी काय काय होऊ शकतं ते त्यानं पाहिलेलं असतं. ते थरथरणं कशाचं, हे ती चित्रफीत सांगत नाही.

दुसरं, विशेषणांकडे लक्ष ठेवा. २०२२ साली आपल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं हेंडरसन विरुद्ध थॉम्पसन हा साधा मोटार अपघाताचा दावा पुन्हा खाली पाठवला. फिर्यादी काळी बाई, गाडी ठोकणारी गोरी. चूक कोणाची यावर वादच नव्हता, नुकसान किती एवढाच प्रश्न होता. समोरच्या वकिलानं त्या बाईंना ‘भांडखोर’, ‘अंगावर येणारी’ अशा अर्थाची विशेषणं लावली. आणि त्यांच्या काळ्या साक्षीदारांनी तिच्याबद्दल एकच शब्दप्रयोग वापरला म्हणून सगळ्यांनी संगनमत केल्यासारखं सुचवलं. ज्युरीनं ९,२०० डॉलर दिले. कोर्ट म्हणालं, वंशाचा उच्चार न करताही वंश ज्युरीपुढे आणता येतो. म्हणून आत चर्चा करताना कोणी ‘आक्रमक’, ‘उद्धट’, ‘लपवाछपवी करणारा’ असं म्हणालं, की शांतपणे विचारा: हे साक्षीत कुठे आलं? आणि स्वतःशी माणसांची अदलाबदल करा. आरोपीच्या जागी तुमच्या ऑफिसातला गोरा पोरगा बसवा, पुरावा तोच ठेवा. मत हललं तर ते का हललं, ते शोधा.

ओळख पटवण्याच्या साक्षीबद्दल एक. दुसऱ्या वंशाचे चेहरे ओळखताना माणसं जास्त चुकतात, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. त्यात द्वेष नसतो, सवय नसते. मी नवी आले तेव्हा वर्गातल्या दोन सोनेरी केसांच्या मुलींना वर्षभर एकमेकींच्या नावानं हाक मारत होते. साक्षीदार खात्रीनं सांगतोय म्हणजे बरोबरच सांगतोय, असं समजू नका.

आतमध्ये कोणी उघड वंशावरून बोललं तर? चर्चा गुप्त असते, आणि ज्युरीच्या खोलीत काय झालं ते कोर्ट सहसा ऐकत नाही. पण २०१७ साली कोलोरॅडोच्या एका खटल्यात, ‘मेक्सिकन आहे म्हणजे यानं केलंच असणार’ अशा अर्थाचं एक ज्युरी बोलल्याचं दोन सहकाऱ्यांनी निकालानंतर सांगितलं, तेव्हा सुप्रीम कोर्टानं त्या गुप्ततेला अपवाद केला. तुम्ही निकालापर्यंत थांबू नका. चिठ्ठी लिहा आणि बेलिफमार्फत न्यायाधीशांकडे पाठवा. तो तुमचा हक्क आहे.

‘माझ्या एकट्याच्या असण्यानं काय फरक पडतो’ असंही तुम्ही लिहिलंय. १९०८ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीनं दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे त्यांचे उद्गार संगमरवरावर कोरलेत आणि आपण ते शाळेपासून ऐकतो. ती ज्युरी कोण होती, हे मात्र मला कोणी शाळेत शिकवलं नाही. नऊ जण: सात युरोपियन, दोन पारशी. लेख ‘केसरी’तले, मराठीतले, आणि ज्युरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. निकाल ७ विरुद्ध २, आणि मंडाले. त्या सात जणांना आपण अन्याय करतोय असं वाटलं नसेल. भाषांतरात वाचलेला शब्द त्यांना खरंच तसा दिसला असेल. तिथे बहुमत पुरलं. इथे फौजदारी खटल्यात बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं, त्यामुळे एकाचा प्रश्नही सगळ्यांना थांबवतो. गोऱ्या आणि काळ्या ज्युरींना एकत्र बसवून केलेल्या एका प्रयोगात, निव्वळ गोऱ्या गटांपेक्षा अशा मिश्र गटांत चर्चा जास्त वेळ चालली आणि पुराव्याबद्दलच्या चुका कमी झाल्या, असं २००६ साली दिसलं. त्यात गोरे ज्युरीसुद्धा जास्त नीट विचार करू लागले होते.

आता तो फोटो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात सत्तावन्न वर्षांचे एक गुजराती गृहस्थ नातवाला सांभाळायला मुलाकडे आले होते. सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. एका शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला: एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलीस आले, इंग्रजी कळत नव्हतं, त्यांनी ‘नो इंग्लिश, इंडियन’ म्हणून मुलाच्या घराकडे हात दाखवला. अधिकाऱ्यानं त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला इजा झाली, शरीर अंशतः लुळं पडलं. अधिकाऱ्यावर फेडरल खटला दोनदा चालला, दोन्हीदा ज्युरीत एकमत झालं नाही, आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. पोलीस, कोर्ट, ज्युरी हे सगळं नंतर आलं. आधी एका घरातून कोणीतरी बाहेर बघितलं होतं.

तुमचा फोटो ग्रुपवर अजून असेल. नुसता काढून टाकू नका, कारण तो किती जणांनी पाहिला ते तुम्हाला माहीत नाही, आणि पाहणाऱ्यांच्या मनात ती दोन मुलं ‘गाडीजवळ दिसलेली’ म्हणून राहिलीत. पुढच्या वेळी त्यातलाच कोणी फोन उचलेल. फोटोखाली तुमच्या नावानं लिहा: ही आपल्या समोरच्या घरातली मुलं आहेत, माझी चूक झाली. मग फोटो काढा. आणि या शनिवारी त्या घराची बेल वाजवा. त्या आईवडिलांनी तो फोटो पाहिला आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाहिला असेल असं धरूनच जा.